अर्धी मूठ

मी घरापासून अर्धी मूठ लांब राहते. किलोमीटरमध्ये सांगितलं असतं तर चटकन कळलं असतं हे मान्य, पण किलोमीटर म्हणजे तिकीट काढताना दिसणारा आकडा, तो बघून पोटात काही होत नाही. मुठीचं तसं नाही, मूठ आपलीच असते.

ही मोजणी बाबांची. मी तिसरी-चौथीत असेन, लाईट गेली की ते मला गच्चीवर न्यायचे आणि ध्रुव शोधायला लावायचे. सप्तर्षीमधले पुढचे दोन तारे, पुलह आणि क्रतू, त्यांना जोडणारी रेघ तशीच पुढे न्यायची (मी कायम उलट्या बाजूला न्यायचे आणि भलत्याच ताऱ्याला ध्रुव म्हणायचे), त्या दोघांमधल्या अंतराच्या साधारण पाचपट गेलं की ध्रुव. मग हात सरळ ताणायचा, अंगठ्याची बाजू वर ठेवून मूठ वळायची, एक डोळा मिटायचा आणि मुठीची खालची कड क्षितिजाला टेकवायची. ही एक मूठ म्हणजे जवळपास १० अंश. तिच्यावर दुसरी, लागली तर तिसरी, असं करत ध्रुवापर्यंत पोचायचं. तो क्षितिजापासून जितके अंश वर, तेवढा आपला अक्षांश. माझी मूठ बाबांच्या निम्मी होती तरी उत्तर जवळपास सारखंच यायचं, कारण मूठ छोटी तसा हातही छोटा, पण तेव्हा मला ती बाबांची जादूच वाटायची.

कॉलेजला आल्यावर हे सगळं मी विसरले होते. खरं तर पहिले तीन महिने आकाश दिसलंच नाही, ढग होते, आणि वर बघायला वेळ कुणाला होता.

आई-बाबा सोडायला आले तो दिवस मला तुकड्यातुकड्यात आठवतो. आईने कपाट लावलं, मग माझ्या रूममेटचंही अर्धं लावलं, ती बिचारी नको काकू नको काकू म्हणत राहिली. बाबा खिडकीची कडी तीनदा लावून-काढून बघत होते, दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं म्हणून असेल. आणि मग गेटवर आई म्हणाली, "येतो हं आम्ही." आता आपल्यात निघताना कुणी जातो म्हणत नाहीच, येतो म्हणतात, त्यात नवीन काही नाही. पण आयुष्यभर हे वाक्य मी दारातून बाहेर पडताना म्हणत आलेय आणि आई आतून "ये" म्हणत आलीये. त्या दिवशी पहिल्यांदा घरची माणसं मला येतो म्हणाली आणि दारात उभं राहून "या" म्हणायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याच्याने ते म्हणवलं नाही, मी नुसती मान हलवली.

त्या रात्री झोप नाही. पंखा कुरकुरत होता, कॉरिडॉरमधून कुणीतरी सपाता घासत सारखं येत-जात होतं, आणि मला वाटत होतं की आपण कच्चे आहोत, बाकी सगळ्या मस्त झोपल्यात. (सकाळी कळलं की रूममेटपण जागी होती आणि तिलाही हेच वाटत होतं.) नंतर सायकॉलॉजीच्या इलेक्टिव्हमध्ये कळलं की ह्याचा चक्क अभ्यास झालाय. ब्राऊन युनिव्हर्सिटीत मासाको तामाकी आणि युका सासाकी ह्यांच्या टीमने लोकांना लॅबमध्ये झोपवून त्यांच्या मेंदूची मोजमापं घेतली, २०१६ मध्ये ते छापून आलं. अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूचे दोन्ही अर्धे सारखे झोपत नाहीत, डावा अर्धा गाढ झोपेतही थोडा जागा राहतो आणि बारीकशा वेगळ्या आवाजाला पटकन दचकतो. त्यांच्या लॅबमध्ये दुसऱ्या वेळेपर्यंत हा फरक गेला होता. माझा अर्धा मेंदू दिवाळीपर्यंत पहाऱ्यावर होता असं माझं मत आहे.

बाकी जे सगळे लिहितात ते माझंही झालं, त्यावर फार वेळ घालवत नाही. पांढरे कपडे गुलाबी झाले. महिन्याचे पैसे अठरा तारखेला संपले. अलार्म बंद करून परत झोपले आणि अटेंडन्सचा बोऱ्या वाजला. मेसमध्ये एकटीने बसून जेवताना फोनमध्ये बघत राहायचं, म्हणजे कुणाची तरी वाट बघतोय असं दिसतं, हेही आपोआप शिकले. सगळ्यात जास्त वेळ लागला तो रिकाम्या रविवारची सवय व्हायला. आठवडाभर घराची आठवण येत नाही, तेवढी उसंतच नसते, ती बरोबर रविवारी दुपारी तीनला येते, सगळं हॉस्टेल झोपलेलं असतं तेव्हा.

मग चौथ्या महिन्यात मला ताप आला. फार नाही, तीन दिवसांचा. पण घरी ताप येणं आणि इथे ताप येणं ह्यात फरक असा की इथे थर्मामीटर आपणच लावायचा, आपणच वाचायचा आणि आपणच "अरे बापरे" म्हणायचं. आईचा फोन आला की मी घसा खाकरून, पाणी पिऊन मग उचलायचे आणि "काही नाही गं, आत्ताच झोपून उठलेय" असं सांगायचे. तिने तिसऱ्या दिवशी विचारलं, "तू आजकाल दर वेळी आत्ताच कशी काय उठतेस?"

त्याच आठवड्यात इलेक्टिव्हचं प्रेझेंटेशन द्यायचं होतं आणि मी विषय घेतला होता नॉस्टॅल्जिया, कारण सोपा वाटला. तो शोधताना योहानेस होफर सापडला. हा शब्द त्याने बनवला, १६८८ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला. ग्रीकमधले दोन शब्द जोडून, एक म्हणजे घरी परतणं आणि दुसरा म्हणजे दुखणं. आज आपण जुनी गाणी ऐकून जे उसासे टाकतो त्याला नॉस्टॅल्जिया म्हणतो, पण होफरच्या लेखी तो आजार होता, खराखुरा, ताप येणारा, माणूस खंगवणारा. आणि होफर होता कोण, तर १९ वर्षांचा मेडिकलचा विद्यार्थी. म्हणजे माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा. मला त्याच्या जागी दाढीवाला म्हातारा डोळ्यासमोर येत होता, तो एकदम आमच्या सीनियर बॅचमधला मुलगा झाला.

त्याने जे पेशंट लिहून ठेवलेत त्यातला एक विद्यार्थीच आहे. बर्नचा मुलगा, शिकायला बाझेलला आलेला. बरेच दिवस उदास, मग ताप हटेना, मग इतका वाईट झाला की लोकांनी आशा सोडली. शेवटी कुणीतरी सुचवलं की ह्याला घरी पाठवा. निघायची तयारी चाललेली बघूनच त्याला हुशारी वाटायला लागली, गाव मागे पडल्यावर श्वास मोकळा झाला, आणि बर्नला पोचायच्या आतच गडी बरा.

मी हे तापात वाचत होते आणि सरळ सांगते, रडले. नंतर नकाशा उघडून बघितलं तर बर्न आणि बाझेलमध्ये सरळ रेषेत १०० किलोमीटरसुद्धा नाहीत. उत्तर-दक्षिण फरक तर एका अंशाहूनही कमी. आणि हात ताणल्यावर एक अंश म्हणजे साधारण करंगळीची रुंदी. हे आठवलं आणि खूप दिवसांनी मुठी आठवल्या. तो मुलगा करंगळीएवढ्या अंतरावर मरायला टेकला होता.

ताप उतरला त्या रात्री मी हॉस्टेलच्या गच्चीवर गेले. तोपर्यंत थंडी पडली होती, संध्याकाळी सप्तर्षी नीट दिसत नव्हते, पण अशा वेळी दुसऱ्या बाजूने शर्मिष्ठा कामाला येते, तो इंग्रजी एम किंवा डब्ल्यूसारखा पुंजका, हेही बाबांनीच शिकवलेलं. ध्रुव सापडायला वीस मिनिटं लागली. तो काही फार तेजस्वी तारा नाही, लोकांना उगाच तसं वाटतं. मुठी लावल्या. पहिल्यांदा चुकलं असेल म्हणून परत लावल्या. घरी जिथे यायचा त्याच्यापेक्षा अर्ध्या मुठीने वर होता.

अर्धी मूठ म्हणजे ५ अंश. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास. हा हिशोब मला माहीत होता, शाळेत परीक्षेत लिहिलाय. पण आकाशातला तारा आपण घर सोडलं म्हणून वर सरकतो, हे माहीत असणं वेगळं आणि थंडीत कुडकुडत हात ताणून उभं राहिल्यावर ते दिसणं वेगळं. रडूबिडू काही आलं नाही, उलट बरं वाटलं. एवढंच ना, असं वाटलं. अर्धीच मूठ.

बाबांना मेसेज केला, "ध्रुव अर्धी मूठ वर." त्यांचं उत्तर आलं, "क्षितिज नीट दिसत होतं का? इमारती असल्या की चुकतं." बाबा म्हणजे बाबा.

पूर्व-पश्चिम अंतर मात्र ध्रुवावरून कळत नाही, त्याला घड्याळ लागतं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. तर २१ मार्चच्या सुमारास, दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, मी आणि बाबा दोघांनी सूर्यास्ताची वेळ मिनिटाला धरून लिहिली. त्या दिवसांत करायचं कारण एरवी अक्षांशामुळेही सूर्यास्त मागे-पुढे होतो, तेव्हा तो घोळ नसतो. माझ्याकडे वीस मिनिटं आधी मावळला. म्हणजे पूर्वेला ५ अंश. तोवर रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर माझ्या खिडकीत अंधार आणि आईच्या मागे भिंतीवर अजून ऊन, हे मी बघत होते, आणि मला कायम वाटायचं की घरी अजून दिवस चालू आहे आणि मी आधीच संपले. नंतर ते नुसते पाच अंश झाले. काही गोष्टी मोजल्या की लहान होतात, सगळ्या नाही पण काही.

मध्येच एकदा ध्रुवबाळाची गोष्टही नीट आठवून बघितली. पाच वर्षांचा पोरगा, बापाच्या मांडीवर बसू दिलं नाही म्हणून घर सोडून गेला आणि अढळपद मिळवून बसला. आपण त्याचं कौतुक करतो. सुनीतीने, म्हणजे त्याच्या आईने, मधले दिवस कसे काढले हे कुणी सांगत नाही. आणि अढळ म्हणावं तर तेही अगदी खरं नाही, पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, साधारण २६,००० वर्षांत एक फेरी, त्यामुळे ध्रुवपद एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जात राहतं. पिरॅमिड बांधले जात होते त्या काळात उत्तर ध्रुवाजवळ ठुबान नावाचा तारा होता. आत्ताचा आपला ध्रुवही बरोबर जागेवर नाहीच, पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडा जास्तच बाजूला आहे आणि तोही छोटी प्रदक्षिणा घालत असतो. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तोपण घरी नसतोच."

आता परीक्षा संपली. हॉस्टेल निम्मं रिकामं झालंय. आणि मी घरी जायच्या ऐवजी आधी वरती, डोंगरात चाललेय, आम्ही चौघीजणी, दहा दिवस.

हे घरी सांगायला मला दोन आठवडे लागले. परवानगीचा प्रश्न नव्हता, ते नाही म्हणणार नव्हते हे माहीत होतं, तोच तर त्रास. वर्षभर "कधी येतेस" ऐकल्यावर, सुट्टी लागल्यावर आधी दुसरीकडे जायचं हे मलाच पचत नव्हतं. होफरचा तो मुलगा अर्ध्या वाटेत बरा झाला आणि मी बरी असून उलट्या दिशेला निघालेय. त्यात नेमकं तेव्हाच मी इब्न बतूताबद्दल, म्हणजे चौदाव्या शतकातल्या मोरोक्कोच्या प्रवाशाबद्दल, वाचत होते. १३२५ मध्ये, २१ वर्षांचा असताना, तो टँजियरहून एकटा निघाला. ट्यूनिसला पोचल्यावर बरोबरच्या प्रत्येकाला भेटायला कुणी ना कुणी आलं, ह्याला ओळखणारं कुणीच नव्हतं, तर हा तिथे ढसाढसा रडला, आणि एका यात्रेकरूने ते बघून त्याच्याशी गप्पा मारल्या. जगभर फिरलेला माणूस, आणि सुरुवातीला असं रडलेला! मला तो भाग भयंकर आवडला. पण पुढचं वाचायला नको होतं. तो घरी परतला १३४९ मध्ये, २४ वर्षांनी. वडील कधीच गेले होते, १५ वर्षांपूर्वी, ते त्याला वाटेत दमास्कसला कळलं. आई प्लेगमध्ये गेली, तो पोचायच्या काही महिनेच आधी.

दहा दिवसांच्या ट्रेकला इब्न बतूताची भीती घालणं हा वेडेपणा आहे, मला कळतं. तरी त्या रात्री दीड वाजता मी आईला मेसेज केला, "जागी आहेस का?" आणि ती जागी होती, आणि मी सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग त्यात एवढं काय, स्वेटर आहे का?"

ट्रेकची तयारी मी आमच्या ग्रुपमधली सगळ्यात डोकं खाणारी बाई म्हणून केली. ३,००० मीटरच्या वर गेलं की रोज झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं, डोकं दुखायला लागलं तर वर जायचंच नाही आणि वाढलं तर सरळ खाली उतरायचं, हे मी तिघींना इतक्यांदा सांगितलंय की त्या आता माझ्याआधी म्हणून दाखवतात. दिवसा वर चढून यावं आणि झोपायला खाली यावं असंही सांगतात, म्हणजे शरीराला हळूहळू सवय होते. दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे वर सगळं शिजायला उशीर. मला हे वाचताना सारखं पहिलं सेमिस्टर आठवत होतं, आम्हाला सगळ्यांना एका दिवसात थेट वर नेऊन सोडलं होतं आणि वर विचारत होते डोकं का दुखतंय.

तिथे ध्रुव आणखी अर्ध्या मुठीहून थोडा जास्त वर दिसेल. म्हणजे घरापासून एक मूठ पूर्ण. त्यापलीकडे मी कधी गेलेली नाही.

अजून एक आहे. हे ट्रेकपेक्षा मोठं आहे आणि अजून पक्कं नाही म्हणून घरी नीट सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजचा फॉर्म भरलाय, इंटरव्ह्यूही झाला, आणि जागा आहे विषुववृत्ताच्या खूप खाली. विषुववृत्तावर ध्रुव क्षितिजाला टेकतो आणि त्याच्या खाली गेलं की गेलाच. मुठीच संपल्या. फॉर्म भरताना मला व्हिसाची, पैशांची, तिथल्या इंग्रजीची काळजी वाटायला हवी होती, ती वाटलीच, पण रात्री झोपताना डोक्यात येत होतं की आता मोजायचं कशावरून. दक्षिण ध्रुवाजवळ एक तारा आहे, पण तो इतका अंधूक की शहरातून दिसत नाही. तिथले लोक त्रिशंकूवरून अंदाज घेतात, तो चार ताऱ्यांचा क्रॉस, त्याच्या लांब दांडीच्या साडेचारपट खाली आलं की दक्षिण ध्रुवबिंदू, तिथे काहीच नसतं, रिकामं आकाश. आणि नाव काय, तर त्रिशंकू. धड वर नाही धड खाली नाही. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांनी ह्याच्यावर अजून जोक कसा केला नाही मला कळत नाही.

परवा शेवटी बाबांना फोनवर सांगितलं. एक्स्चेंज, सहा महिने, सिलेक्शन झालं तर. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं आवाज जात नाहीये, मी दोनदा हॅलो हॅलो केलं. मग म्हणाले, "तिकडे ध्रुव नाही दिसणार."

"नाही ना. त्रिशंकूवरून बघतात म्हणे."

"मग तो आपल्याकडूनही दिसतो की."

मला खरं वाटलं नाही. इतकी वर्षं गच्चीवर गेलो, आम्ही कायम उत्तरेकडेच तोंड करून उभे, दक्षिणेला कधी बघितलंच नव्हतं. बाबा म्हणाले, उन्हाळ्यातच दिसतो, अंधार पडल्यावर थोडाच वेळ, जेमतेम एक मूठ वर. जूनमध्ये ढग आले की ह्या वर्षीचं संपलं, त्याच्या आत यायला हवं. मी ट्रेकनंतर तिथेच दोन दिवस राहायचं ठरवलं होतं, ते काढून टाकलं आणि परतीचं तिकीट अलीकडचं घेतलं, तिघी जरा चिडल्या, असू दे.

तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवला तर रात्री बाबांचा मेसेज आला होता. "समोरच्यांची पाण्याची टाकी मध्ये येते. पण आपल्या गच्चीच्या डाव्या कोपऱ्यात स्टूल ठेवून उभं राहिलं की चारही तारे दिसतात. काल बघून ठेवलंय."